गेटवर ठेवून घेतलेला नारळ

लिमरिक,
२८ जुलै २०२०

यामिनी,

पत्राला मायना असावा लागतो, हे कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बर्नाडेटनी आम्हाला छडी दाखवून शिकवलं होतं. 'प्रिय' लिहावं की 'चि.', हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पत्ता ज्ञानेशच्या फोनमधून त्याला न विचारता उतरवून घेतला. तेव्हा भावावर चिडू नकोस.

फोन मी करणार नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लोकांचे ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली. 'पार्टी उत्तर देत नाही' हे वाक्य इतक्या वेळा इतरांना ऐकवलंय, की आता ते स्वतः ऐकायची हौस नाही.

लिहायचं कारण एवढंच, की तुझ्या बाबांना वेड लागलंय आणि या घरात ते कोणालाच दिसत नाही.

आम्ही फेब्रुवारीत आलो ते दोन-अडीच महिन्यांसाठी. एप्रिलचं विमान रद्द झालं, जूनचं झालं, आता सप्टेंबरचं म्हणतात. सानिका चांगली मुलगी आहे, पण सहा महिने सुनेच्या स्वयंपाकघरात राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून चालण्यासारखं आहे. तर आमच्या लग्नाचा वाढदिवस येतोय, म्हणून ज्ञानेश आणि सानिकाने आम्हाला दोन दिवस कुठे तरी पाठवायचं ठरवलं. "आई, कुठे जायचंय सांग." मी म्हटलं, किलकेनी. सिस्टर बर्नाडेट तिथल्या. अठराव्या वर्षी आईला सोडून पुण्याला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. दर शनिवारी वर्गात बसून आईला पत्र लिहायच्या. त्यांचं गाव एकदा बघावं, किल्ला बघावा. माणसाने वयाला शोभेल असं काही तरी बघावं.

तुझे बाबा म्हणाले, "थीम पार्क."

एकोणसत्तर वर्षांचा माणूस! सार्वजनिक बांधकाम खात्यातून मानाने निवृत्त झालेला. मला वाटलं, थट्टा करताहेत. तर म्हणे, मीथ जिल्ह्यात एक पार्क आहे, तिथे लाकडी रोलर कोस्टर आहे. "अख्खा लाकडाचा आहे गं. त्याचे सांधे बघण्यासारखे असतील." आणि डब्लिनपासून जवळ आहे, म्हणाले. किती जवळ, ते दोनदा सांगितलं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

आपली सुरुची उड्या मारत म्हणाली, "आज्जी, इट'ल बी ग्रँड!" मराठी सगळं कळतं या मुलीला, पण उत्तर देईल ते यांच्या हेलात. आठ वर्षांची आहे. या सहा महिन्यांत तिला आत्या दिसली ती फोटोत, एवढंच. तू डब्लिनमध्ये आणि ती इथे, गाडीने अडीच तासांवर. आम्ही येण्याआधी तू दर महिन्याला यायचीस, असं सानिकाच्या बोलण्यात चुकून आलं. आता लॉकडाउन उठून महिना होत आला. असो.

आणखी एक. तुझे बाबा रोज संध्याकाळी सातला मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे राहून फोनवर बोलतात. आत आले की सांगतात, देशपांड्यांचा फोन होता. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. देशपांडे नऊला झोपतात.

मी काही बोललेले नाही.

तुला वाटत असेल, आई विसरली असेल. मी काहीही विसरलेले नाही. तुझ्या घटस्फोटाची बातमी मला इंद्रनीलच्या आईने दिली, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, बारा बायकांच्या देखत, हातात तिळगूळ ठेवता ठेवता. स्वतःच्या मुलीची बातमी विहिणीकडून! मी तो तिळगूळ खाल्ला. गोड बोलायचं असतं ना. मग तू आलीस, दोन आठवडे राहिलीस, आयर्लंडची नोकरी घेतल्याचं जेवता जेवता सांगितलंस आणि निघालीस. आणि वर तुझी ती मेल: 'आई, निघताना तू माझी ओटी भरली नाहीस.'

ओटी सवाष्णीची भरतात. हे मी ठरवलेलं नाही. आणि तुझा यावर विश्वास बसला तरी कधी? गणपतीच्या दिवशी ऑम्लेट मागणारी मुलगी तू. दारात उगीच थांबलीस. मला वाटलं, चपलेचा पट्टा लावतेयस. खाली टॅक्सी हॉर्न मारत होती. बेसनाच्या लाडवांचा डबा दिला, तो तू लिफ्टपाशी ठेवून गेलीस. दूधवाल्याने वर आणून दिला.

चार वर्षं झाली.

तर पार्कचं हे असं आहे. कळवायचं म्हणून कळवलं.

वसुधा करंदीकर


लिमरिक,
१४ ऑगस्ट २०२०

चि. यामिनी,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. इथला पोस्टमन साडेअकराला येतो.

उद्या सकाळी निघतोय. हे पत्र जाताना पेटीत टाकीन, म्हणजे तुला ते सोमवारी-मंगळवारी मिळेल. तोवर आमचं सगळं उरकलेलं असेल, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

परवा सानिकाबरोबर इंडियन दुकानात गेले होते. एक नारळ घेतला. टोपलीतला एकेक कानाशी धरून हलवून पाहिला. दुकानदार म्हणाला, "आंटी, सगळे सेम आहेत." नारळ कधी सेम असतात का? ज्याचं पाणी भरपूर वाजलं तो घेतला. गणपती पुढच्या शनिवारी आहेत, त्यांच्यासाठी घेतलाय. घरी ठेवला तर सानिका चटणी वाटेल, म्हणून उद्या बरोबर नेते. ट्रंकेत हिरव्या खणाचा एक तुकडा होता, तो चष्मा गुंडाळायला घेतलाय. थोडे तांदूळही घेतलेत. प्रवासात तांदूळ जवळ असलेले बरे.

केस काळे केले. ज्ञानेश फोटो काढील म्हणून.

तुझ्या बाबांनी माझी पर्स उचलून पाहिली. "अगं, काय भरलंयस यात? दगड?"

"अहो, या वयात सगळंच जड लागतं," मी म्हटलं.

त्यांनी पुढे विचारलं नाही. मीही त्यांना विचारलं नाही, की रोलर कोस्टर बघायला जाणारा माणूस नवा शर्ट इस्त्री करून का ठेवतो. लग्नाला एवढी वर्षं झाली की माणसं एकमेकांना असं सांभाळून घेतात. तू याला ढोंग म्हणशील. तू इंद्रनीलबरोबर दीड वर्ष राहिलीस. तुला कुठून कळणार?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पण खाडाखोड केलेलं पत्र सिस्टरना चालायचं नाही.

आई


लिमरिक,
१७ ऑगस्ट २०२०

यामिनी,

पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुझ्या बाबांच्या तोंडून जे ऐकशील त्यात मीठमसाला किती आहे ते तुला कळेल.

वाटेतले किल्डेअर, लीश आणि ऑफली हे तीन जिल्हे सध्या बंद आहेत. त्यातून जायला परवानगी, पण थांबायचं नाही. बाबांना नेमकी लीशमध्ये लागली.

"बाबा, इथे थांबलो आणि गार्डाने पकडलं तर?" ज्ञानेश म्हणाला. गार्डा म्हणजे इथले पोलीस.

"अरे, खरं कारण सांगू की."

"अहो, तुमचं कारण मी पोलिसांना इंग्रजीत समजावणार नाही," मी म्हटलं. पुढचा तासभर त्यांनी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात पूल बांधले.

ज्ञानेशने आम्हाला हॉटेलवर सोडलं, उद्या संध्याकाळी येतो म्हणाला, आणि परत गेला. बॅगा टाकून आम्ही पार्कवर गेलो. गेटवर पर्स तपासायला ब्रीडा नावाची जाडजूड बाई होती, माझ्याच वयाची. तिने नारळ बाहेर काढला आणि हातात धरून बघत राहिली.

"हे काय आहे, लव्ह?"

"नारळ."

"ते दिसतंय मला. पण आत कशाला? कोस्टरवरून कोणाच्या टाळक्यात पडला तर?"

"मी कोस्टरवर बसणार नाही."

"सगळे असंच म्हणतात, लव्ह."

बाहेरचं खायचं आत नेता येत नाही, म्हणाली. मी म्हटलं, हे खायचं नाही. मग कशासाठी? मागे रांग, दोन-दोन मीटरवर उभी, पण सगळ्यांचे कान आमच्याकडे. मी तिला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: आमच्यात आई हा मुलीच्या पदरात घालते. म्हणजे मुलगी रिकामी जात नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बरं," ब्रीडा म्हणाली. तिने नारळ, खण आणि तांदळाची पुडी, तिन्ही गोष्टी आपल्या टपरीतल्या फळीवर एकत्र ठेवल्या. कोणी न सांगता खण खाली ठेवला आणि नारळ वर.

आत गेल्यावर बाबांनी मला झोक्यांसमोरच्या एका बाकावर बसवलं. बाकावरून गेट दिसत होतं. मग ते त्या लाकडी सांगाड्यासमोर उभे राहिले, पण सांधे बघेनात. मान वळवून गेटकडे बघत होते. अकरा वाजले, साडेअकरा झाले. पोरं किंचाळत होती, कुठे तरी तळलेल्या बटाट्यांचा वास येत होता, एक बदक माझ्या पायाशी येऊन गेलं. बाबा मला आइस्क्रीम आणून द्यायचे आणि पुन्हा तिथे जाऊन उभे राहायचे. दोन आइस्क्रीमं झाली.

शेवटी मी उठले. "चला. बसू या त्यात."

"कशात?"

"तुमच्या लाकडात."

"अगं, तुला झेपेल का? आणि इथे कोणी तरी थांबायला..."

"मी या बाकावर आणखी पाच मिनिटं बसले तर लोकांना वाटेल, मी कोणाची तरी वाट बघतेय," मी म्हटलं.

फोन, चष्मे, पर्स, सगळं लॉकरमध्ये ठेवायला लावतात. आमच्या पुढची-मागची रांग रिकामी ठेवली होती. छातीवर दांडा येतो. मग गाडी साखळीवरून वर ओढली जाते, कट कट कट कट, आणि तुझे बाबा आनंदाने सांगत असतात की हा आवाज गाडी मागे घसरू नये म्हणून येतो. टोकाला ती क्षणभर थांबल्यासारखी होते. तिथून सगळा मुलूख दिसतो. हिरवी शेतं, मेंढ्या, ढगांच्या सावल्या. आणि गेट.

चष्मा नव्हता. लांबचं मला चष्म्याशिवायच नीट दिसतं.

गेटच्या बाहेर पिवळा रेनकोट घातलेली बाई उभी होती. एका पायावर. दुसऱ्या पायाने पोटरी घासत. शाळेच्या प्रार्थनेला तू अशीच उभी राहायचीस आणि घरी आल्यावर मी विचारायची, तू काय बगळा आहेस?

मी ओरडले. त्याच वेळी गाडी सुटली आणि सगळेच ओरडले, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. बाबा सगळ्यांना सांगत फिरताहेत, की मी 'आई गं' म्हणून ओरडले. मी ते ओरडले नव्हते.

खाली आल्यावर दांडा उघडेपर्यंतही धीर नव्हता. लॉकर उघडला. बाबांच्या फोनवर तुझे चार मिस्ड कॉल. तेव्हा त्यांनी सांगितलं. तू येणार होतीस. त्यांनी दोनच तिकिटं काढली होती. तुझं येशील तेव्हा खिडकीवर घेऊ, म्हणाले. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाची ही श्रद्धा! खिडकी असते, खिडकीत माणूस असतो, त्याला 'एक जास्त द्या हो, मुलगी आहे' म्हटलं की तो देतो. इथे या वर्षी खिडकीच नाही. दिवस आणि वेळ आधी नोंदवलेल्यालाच आत सोडतात, आणि त्या दिवसाची सगळी तिकिटं संपलेली. तुला सांगितलं होतं, 'तू नुसती ये, तिकिटाचं मी बघतो.' बघितलं त्यांनी.

भांडायला तिथे वेळ नव्हता. जमिनीवर बाण काढलेत, एकाच दिशेने चालायचं. आम्ही बाणांच्या उलट गेलो. एकजण म्हणाला, "वन वे, मॅम." मी म्हटलं, "आय कॅन रीड."

गेटवर तू नव्हतीस. फळीवर नारळही नव्हता.

"तुमची मुलगी घेऊन गेली," ब्रीडा म्हणाली. "आत्ताच. बससाठी पळाली बघा."

"ती माझीच मुलगी कशावरून?"

"लव्ह, मास्कवर भुवया दिसतात ना. अगदी तुमच्याच. तेवढ्याच चिडलेल्या." मग म्हणाली, "मला म्हणत होती, आत सोडा, आईवडील आत आहेत. मी काय करणार? मग तिला फळीवर हे दिसलं. विचारलं, कोणाचं आहे? मी म्हटलं, एका बाईचं आहे, मुलीच्या पदरात घालायचंय म्हणे."

"मग?"

"मग तिने रेनकोटचा घोळ असा पुढे धरला," ब्रीडाने स्वतःच्या जाकिटाची टोकं धरून दाखवली, "आणि म्हणाली, घाला. मी घातलं. चुकलं का काही?"

मी म्हटलं, नाही.

मग तिने टपरीतून कॉफीचा कागदी पेला आणून माझ्या हातात दिला. "हे तुमच्यासाठी ठेवून गेली. म्हणाली, तुम्हाला कळेल."

पेल्याच्या तळाशी तांदूळ होते. चिमूटभर.

भरल्या ओटीतले चार दाणे माहेरी ठेवून निघायचं असतं. हे मी तुला शिकवलेलं नाही. आजीचं बघून शिकली असशील. मी पेल्यावर हात धरून उभी राहिले, वारा फार होता.

बाबा म्हणतात, नंतर दोन तास बस नव्हती, म्हणून तू गेलीस. मला ते पटत नाही. गेलीस ती बससाठी नाही, नाकासाठी. नाक माझंच आहे, म्हणून ओळखते. एवढी गेटपर्यंत आलीस, पदर पसरलास, तो एका परक्या आयरिश बाईपुढे! मी पन्नास पावलांवर, हवेत लोंबकळत होते. मला खाली उतरायला किती वेळ लागला असता?

हे मला सहन झालेलं नाही आणि होणारही नाही.

रात्री हॉटेलात बाबा जेवले नाहीत. "माझंच चुकलं, वसू," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "अहो, सांधे छान होते." ते खरंच छान होते. वर चढताना मी एका खांबाला एवढे बोल्ट पाहिले, की वाटलं, एवढं घट्ट कशाला बांधायचं? तर बाबा म्हणाले, घट्ट नाही, थोडं सैल ठेवतात. लाकूड हललं पाहिजे. न हलणारं लाकूड मोडतं.

हे तुला उद्देशून लिहिलेलं नाही. मला उद्देशूनही नाही. बाबा म्हणाले, ते लिहिलं.

आई


लिमरिक,
२५ ऑगस्ट २०२०

चि. यामिनीस,

आज गौरी आल्या. मुखवटे पुण्याला राहिले, तेव्हा सानिकाने दोन स्टीलचे तांबे घेतले, सुरुचीने कागदावर चेहरे काढून त्यांना चिकटवले. एकीच्या भुवया फारच चिडक्या काढल्यात. मी विचारलं, हे गं काय? तर म्हणते, "दॅट वन इज आत्या." मी बदलू दिल्या नाहीत.

पावलं काढताना विचारायचं असतं, 'गौरी गौरी, कशाच्या पावलांनी आलीस?' मी विचारलं. सुरुचीला उत्तर माहीत नव्हतं. मग बाबाच म्हणाले, "सोन्यामोत्याच्या पावलांनी," आणि डोळे पुसायला कचऱ्याच्या डब्यांपाशी गेले.

पेल्यातले तांदूळ त्या चिडक्या गौरीच्या तांब्यात घातलेत.

आमचं विमान ठरलं. सप्टेंबरच्या सात तारखेचं. डब्लिनच्या विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडतात, असं ज्ञानेश सांगतो. या देशात मला गेटं फार लागली.

तुला काही मागायचं नाही. एकच विचारायचंय. नारळ फोडलास का? ओटीचा नारळ तसाच ठेवू नये. फोडून काही तरी गोड करून स्वतः खावं. फोडला असशील तर कसा निघाला, एवढं कळव. खवट निघाला असेल तर मला त्या दुकानदाराशी भांडायचंय, आणि त्याला आता थोडेच दिवस उरलेत.

आई


लिमरिक,
२ सप्टेंबर २०२०

यामू,

आज साडेअकराला पोस्टमन आला. तुझ्या पत्राला मायना नाही, तारीख नाही, सही नाही. सिस्टरनी ते तुझ्या अंगावर फेकलं असतं. एकच ओळ: 'गोड निघाला. अर्धा उरलाय, त्याचं काय करू?'

बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं आणि आता ते खिशात घेऊन फिरताहेत. मला परत द्यायला तयार नाहीत.

अर्ध्याचं काय करू म्हणून विचारतेस? सदतीस वर्षांची झालीस. नीट ऐक. खवून ठेवू नकोस, खवलेला लगेच आंबतो. कवटीतच राहू दे, आतून पुसून कोरडा कर, डब्यात घाल आणि फ्रिजमध्ये ठेव. शनिवारी सकाळी बॉल्सब्रिजच्या तुझ्या घरून स्टेशनवर जा आणि लिमरिकची गाडी पकड. तिकीट आधीच काढ, खिडकीवर विसंबू नकोस. मास्क लाव. ज्ञानेश स्टेशनवर येईल. मी येणार नाही, मी नारळीभाताचे तांदूळ निवडत असेन. ते आधी भिजवावे लागतात, म्हणजे तू येणार की नाही, याची वाट बघत मला बसता येणार नाही.

डबा मांडीवर धर, बॅगेत कोंबू नकोस.

शनिवारपर्यंत तो टिकेल. सोमवारपर्यंत टिकणार नाही.

आई